शाळामंडळे आणि मक्तेदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' या नावाची जी संस्था आहे, तिच्या नावातील 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाने आपल्या वाचकांची फसगत होण्याचा संभव आहे. आपल्या जिल्ह्याशी तिचे साम्य नाही. एखादे डिस्ट्रिक्ट शहराएवढे मोठे असते, एखादे दोन खेड्यांपुरते. हवाई संस्थानात सगळ्या बेटांचे मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे, आणि उलट पक्षी, ज्यांच्या ताब्यात एकच शाळा आहे अशी कितीतरी आहेत. गावकऱ्यांनी निवडून दिलेले एक मंडळ, त्या मंडळाने नेमलेला एक अधिकारी, घरादारांवर बसविलेला शाळेचा कर आणि त्या कराच्या जोडीला वरून येणारे सरकारी साहाय्य, एवढ्यांचे मिळून हे डिस्ट्रिक्ट बनते. आम्ही त्यास या लेखापुरते 'शाळामंडळ' म्हणणार आहो. १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत अशी मंडळे १,२७,००० च्या घरात होती. गावे एकमेकांत मिसळत गेली, शाळा एकत्र झाल्या, आणि आज त्यांची संख्या १३,००० च्या आसपास उरली आहे. आपल्या मुलास कोणी शिकवावे हे आपण ठरवू, राजधानीतील कोणी ठरविणार नाही, हा त्या लोकांचा फार जुना बाणा आहे, आणि शाळामंडळ हे त्या बाण्याचे घर होय.

अशा बाण्याच्या संस्थेने प्रत्यक्ष शिकविण्याचे कामच बाहेरच्या कोणास मक्त्याने द्यावे, हे वरवर पाहता नवल वाटते. आज ते हजारो ठिकाणी चालू आहे. गणिताचा, चिनी भाषेचा किंवा नापास झालेल्या विषयाचा अभ्यासक्रम कंपनी पुरविते, मूल संगणकासमोर बसते, आणि प्रमाणपत्रावर शिक्का मात्र गावच्या शाळेचा उमटतो. ही सर्व इंटरनेटची करणी आहे असे पुष्कळांस वाटते, त्यात आमच्या ओळखीचे शिक्षणशास्त्राचे पदवीधरही आहेत. वस्तुतः हा व्यवहार शंभर वर्षांचा जुना आहे, आणि त्यातील बहुतेक खाचखळगे संगणक शाळेत येण्यापूर्वीच कोणी ना कोणी पाहून ठेविलेले होते.

मिशिगन सरोवराच्या काठी बेंटन हार्बर नावाचे एक गाव आहे. तेथील शाळेने १९२३ च्या सुमारास टपालाने येणारे पाठ आपल्या वेळापत्रकात घेतले. अडचण साधी होती. कोणास यंत्रांचे नकाशे काढावयास शिकावयाचे होते, कोणास आणखी काही. एकेका विषयास दोनचार मुले, आणि दोनचार मुलांसाठी शिक्षक नेमणे कोणत्याच गावास परवडणारे नाही. तेव्हा पाठ टपालाने मागवावेत. परंतु ते मुलाने घरी बसून वाचावयाचे नाहीत, शाळेतच, ठरलेल्या तासास, एका शिक्षकाच्या देखत सोडवावयाचे, अशी योजना केली. हा शिक्षक त्या विषयातील जाणता असेलच असे नाही. त्याचे काम निराळे होते. मूल वेळेवर बसले की नाही, अडले कोठे, उत्तरपत्रिका टपालात पडली की नाही, हे पाहणे एवढेच. १९२९ साली नेब्रास्काच्या विद्यापीठाने हीच पद्धत आपल्या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या मुलुखासाठी उचलली आणि माध्यमिक शाळांस टपालपाठ पुरवावयास प्रारंभ केला. ज्या मंडळाच्या शाळेत सारे मिळून दोन शिक्षक, त्या शाळेतील मुलास या योगे लॅटिन किंवा भूमिती शिकता येऊ लागली. या पद्धतीस त्यांनी 'देखरेखीचा टपाली अभ्यास' असे नाव दिले होते. त्या नावातील 'देखरेख' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील शंभर वर्षांत प्रथम काटकसर केली गेली ती याच शब्दावर.

टपालानंतर रेडिओ आला, त्यानंतर दूरचित्रवाणी आली, आणि प्रत्येक वेळी आता शिक्षकाचे काम संपले अशी आवई उठली. त्या इतिहासात फार शिरण्याचे कारण नाही. एक मौज मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६१ पासून १९६८ पर्यंत इंडियाना संस्थानातील माँटपेलियर गावावर एक विमान शाळेच्या दिवशी सुमारे २३,००० फुटांवर घिरट्या घालीत असे, आणि खालच्या सहा संस्थानांतील वर्गांना त्या विमानातून गणिताचे व भाषांचे पाठ दाखविले जात. उंचावरून लाटा दूरवर पोहोचतात, हे त्यामागील गणित. फोर्ड प्रतिष्ठानाचा पैसा होता तोवर विमान उडाले. पुढे खर्चाचा वाटा शाळामंडळांनी उचलावा असे ठरले, तेव्हा पुरेशी मंडळे वर्गणी भरावयास पुढे येईनात, आणि विमान खाली उतरले ते पुन्हा चढले नाही.

खरी शिकवण देणारे प्रकरण याच्या लगेच पुढचे आहे. टेक्सास आणि अर्कान्सा या दोन संस्थानांच्या सीमेवर टेक्सार्काना हे जोडगाव वसलेले आहे. अर्कान्साच्या बाजूच्या शाळामंडळाने १९६९ च्या शरदात डॉर्सेट नावाच्या कंपनीशी एक करार केला. वाचनात व गणितात मागे पडलेली, बहुतेक गरीब घरांतील आणि शाळा सोडून जाण्याच्या बेतात असलेली मुले कंपनीने आपल्या यंत्रांवर शिकवावयाची. मोबदला मात्र तासांवर नाही, मुलांच्या संख्येवर नाही, तर मूल परीक्षेत किती इयत्ता वर चढले यावर. चढले तर पैसे, न चढले तर नाही. यापेक्षा रोखठोक व्यवहार कोणता असू शकेल? मंडळाचे सभासद, अर्थात्, खूष झाले. देशभरातील वर्तमानपत्रांनी त्या लहानशा गावाकडे आपले बातमीदार धाडले. कंपनीने मुलांस उत्तेजन म्हणून धडा पुरा होताच दुकानात चालणारी तिकिटे दिली, पुढच्या पायरीस खिशातला रेडिओ, आणि सर्वांत अधिक प्रगती करणाऱ्यास दूरचित्रवाणीचा संच ठेविला. मुले येऊ लागली, टिकू लागली. हे खोटे नव्हते.

१९७० च्या वसंतात बाहेरचा परीक्षक आकडे तपासावयास बसला, तेव्हा असे आढळले की शेवटच्या परीक्षेतील कित्येक प्रश्न अगोदरच मुलांच्या धड्यांत शिरलेले आहेत. मुलांनी घोकलेले प्रश्नच परीक्षेत आले होते. कोणी ते मुद्दाम घातले की नजरचुकीने गेले, यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या मते तो वाद गौण आहे. ज्याचे पोट एका परीक्षेच्या आकड्यावर अवलंबून आहे, त्याच्याच हाती पाठ तयार करण्याचे काम द्यावे आणि पाठ परीक्षेकडे झुकणार नाहीत अशी आशा करावी, हा मनुष्यस्वभावाविषयीचा भाबडेपणा होय. मुलांचे जे काही खरे शिकणे झाले असेल तेही या भानगडीत झाकले गेले. किती झाले हे आता कोणासच सांगता येणार नाही. त्या मुलांचे हे नुकसान कराराच्या कोणत्याच कलमात बसणारे नव्हते.

ही युक्ती अमेरिकनांची स्वतःचीही नव्हे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे सरकारी साहाय्य मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणितातील परीक्षांशी बांधून टाकिले, आणि ते बंधन पुढे सुमारे तीस वर्षे सुटले नाही. 'निकालावर वेतन' या नावाने तीच रीत मुंबई इलाख्यात खाजगी शाळांच्या ग्रँटीस लागू झाली, आणि १८८२ च्या हंटर कमिशनपुढे तिच्याविषयी उलटसुलट साक्षी झाल्या. परीक्षेस डेप्युटीसाहेब येणार म्हणून आठपंधरा दिवस आधीपासून मुलांकडून तेच पान पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावयाचे, पुस्तक उलटे धरले तरी मूल अडखळत नाही अशी तयारी करावयाची, ही गोष्ट आपल्या जुन्या पंतोजींच्या पिढीस सांगावी लागली नसती. टेक्सार्कानाच्या मंडळास मात्र ती यंत्रांसह नव्याने विकली गेली.

एवढे होऊनही वॉशिंग्टनच्या सरकारने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला, आणि नीट मोजूनमापून केला, हे त्यांच्या श्रेयास धरले पाहिजे. १९७०-७१ या वर्षी १८ शाळामंडळांत सहा कंपन्यांस मुले दिली. तशाच परिस्थितीतील दुसरी मुले नेहमीच्या वर्गांत ठेविली. आणि परीक्षा तिसऱ्याच्या हाती दिल्या. १९७२ च्या आरंभी अहवाल आला. कंपन्यांकडील मुलांत व नेहमीच्या वर्गांतील मुलांत सांगण्यासारखा फरक नव्हता. दोन्हीकडे ती सारखीच मागे राहिली होती. त्याच सुमारास इंडियानातील गॅरी या पोलादाच्या शहराने एक अख्खी प्राथमिक शाळाच एका कंपनीकडे चार वर्षांसाठी सोपविली होती, दर मुलामागे वर्षास सुमारे ८०० डॉलर या दराने, आणि मूल ठरलेल्या पातळीस न पोहोचल्यास पैसे परत या अटीवर. तो करार मुदतीपूर्वीच, १९७२ च्या अखेरीस, संपला. कंपन्या आपापल्या धंद्यास लागल्या. शाळामंडळे ही हकीकत विसरून गेली.

इंटरनेटवरील शिक्षण शाळामंडळांच्या दारात आले ते १९९७ च्या सुमारास, आणि ते आले तेव्हा त्यात कंपन्यांचा हात फारसा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधील हडसन या लहान गावाच्या शाळामंडळाने काँकर्ड येथील एका संशोधनसंस्थेच्या साह्याने आणि केंद्र सरकारच्या देणगीवर एक योजना सुरू केली. तिची रचना आम्हांस फार आवडते. योजनेत येणाऱ्या प्रत्येक शाळेने आपला एक शिक्षक द्यावयाचा. त्याने एक विषय संगणकावरून निरनिराळ्या गावांच्या मुलांस शिकवावयाचा. आणि त्याच्या मोबदल्यात त्या शाळेतील सुमारे वीस मुलांस योजनेतील कोणतेही विषय घेता यावयाचे. शिवाय शाळेत एक माणूस या मुलांकडे लक्ष देण्यास ठेवावयाचा. आपल्या शेतकऱ्यांत सावडीची चाल आहे. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. हडसनची योजना म्हणजे शाळांची सावड होती. ज्याने शिकवावयाचे तो स्वतः कोणत्या तरी शाळेचा पगारी शिक्षक. त्याचे वर्गात उभे राहणे सुटलेले नाही. आणि कोणा एकाच्या फायद्यासाठी मुलांची संख्या फुगविण्याचे कारणच नाही.

त्याच वर्षी फ्लॉरिडात ऑरेंज व अलाचुआ या दोन शाळामंडळांनी राज्याच्या २,००,००० डॉलरांच्या साह्याने दुसरी योजना आरंभिली. ती पुढे साऱ्या संस्थानाची ऑनलाइन शाळा झाली. खेड्यातील शाळेत जो विषय नाही तो तेथून घ्यावा, हा मूळ हेतू. २००३ साली तेथील विधिमंडळाने तिच्या पैशाचे सूत्र ठरविले: मुलाने नाव घातल्याने पैसा मिळणार नाही, अभ्यासक्रम यशस्वी रीतीने पुरा केल्यावरच मिळेल. निकालावर वेतन पुन्हा आलेच! तथापि येथे विकणारा सरकारीच असल्याने, आणि मुलाशी दूरध्वनीवर वारंवार बोलणारा शिक्षक नेमलेला असल्याने, त्या सूत्राचे दात बोथट राहिले.

हडसन व फ्लॉरिडा ही दोन्ही उदाहरणे गावच्या शाळेत जे उणे होते ते भरून काढण्याची आहेत. २००० नंतर जो प्रकार वाढला तो निराळा. मूल गावच्या शाळेत जावयाचेच नाही, सगळे शिक्षण घरी संगणकावर, आणि राज्याकडून दर मुलामागे मिळणारा पैसा त्याच्या मागोमाग नव्या शाळेकडे. या शाळांस सनद देण्याचा अधिकार कित्येक संस्थानांत शाळामंडळांस आहे, आणि सनद दिल्याबद्दल देखरेखीची फी घेण्याचाही. येथे 'देखरेख' हा शब्द पुन्हा भेटतो, पण आता ती मुलावरची राहिलेली नाही, हिशेबावरची झाली आहे. आणि तीही नेहमी होतेच असे नाही.

पेनसिल्व्हेनियातील मिडलंड हे गाव पोलादावर जगत असे. गिरणी बसली, वस्ती ओसरली, १९८० नंतरच्या दशकात गावची माध्यमिक शाळा बंद पडली, आणि मुले काही काळाने शेजारच्या ओहायो संस्थानात, ईस्ट लिव्हरपूलला, शिकावयास जाऊ लागली. आपल्या मुलांसाठी दुसऱ्या संस्थानाच्या दारी जाण्याची ही नामुष्की टाळण्यासाठी तेथील शिक्षणाधिकारी निकोलस ट्रोम्बेटा यांनी २००० साली संगणकावरची शाळा काढिली. गावच्या थोड्या मुलांसाठी काढिलेल्या शाळेत पहिल्याच वर्षी साऱ्या संस्थानातून शेकडो मुले आली, आणि काही वर्षांत ती हजारांवर गेली. बुडालेल्या गावास तिने काम दिले, नव्या इमारती दिल्या, एक नाट्यगृहही दिले. या प्रकरणात काळे नि पांढरे वेगळे करणे सोपे नाही, म्हणूनच आम्ही ते सांगत आहो. ट्रोम्बेटा यांनी २०१६ साली करचुकवेगिरीच्या कटाचा गुन्हा कबूल केला, आणि २०१८ साली त्यांस वीस महिन्यांची कैद झाली. शाळेच्या भोवती उभ्या केलेल्या संस्थांतून पैसा कसा वळविला गेला, याची हकीकत त्या खटल्यात आहे. शाळा स्वतः चालू राहिली.

ओहायोतील प्रकरण याहून ढळढळीत आहे. तेथे २००० साली निघालेली एक ऑनलाइन शाळा काही वर्षांत देशातील अतिशय मोठ्या शाळांपैकी एक झाली. २०१५-१६ या वर्षी तिने १५,३०० पूर्णवेळ मुलांचा पैसा घेतला. राज्याने मुले संगणकावर प्रत्यक्ष किती वेळ होती याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा ६,३०० मुलांचीच नोंद जुळली. राज्याने सहा कोटी डॉलर परत मागितले. यावर शाळेने न्यायालयात जो युक्तिवाद केला तो आमच्या वकील वाचकांस आवडेल. कायद्याने आमच्यावर शिक्षणाची संधी देण्याचे बंधन घातले आहे, मुलाने ती घेतलीच पाहिजे असे बंधन घातलेले नाही, अर्थात् मूल आले की नाही हे पाहण्याचा राज्यास अधिकार नाही! हा युक्तिवाद २०१८ च्या ऑगस्टात ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. पण त्याच्या आधीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे शाळेचे वर्ष अर्धे सरलेले असता, शाळा बंद पडली होती, आणि सुमारे १२,००० मुले एका आठवड्यात दुसरी शाळा शोधू लागली होती.

कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ डिहेसा नावाचे एक शाळामंडळ आहे. त्याची स्वतःची शाळा एक, आणि मुले शेदीडशे. अशा चिमुकल्या मंडळांनी दूरदूरच्या ऑनलाइन शाळांस सनदा दिल्या, त्या शाळांत हजारो मुलांची नावे पडली, आणि फीचा ओघ मंडळाच्या तिजोरीत सुरू झाला. ज्या मंडळाचा संसारच या फीवर चालू लागला ते मंडळ त्या शाळांचे हिशेब कडकपणे तपासील, असे मानणे कठीण आहे. २०१९ साली अकरा जणांवर आरोप ठेवण्यात आले. उन्हाळी खेळाच्या संघांत नाव घातलेल्या मुलांची नावे, त्यांच्या नकळत, ऑनलाइन शाळेच्या पटावर चढविलेली निघाली. २०२१ साली दोघा मुख्य आरोपींनी गुन्हा कबूल केला, आणि वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम परत करण्याचे मान्य केले. दरम्यान कॅलिफोर्नियाने २०२० पासून अशा नव्या शाळांस सनद देणे थांबविले होते.

लबाडीच्या या कथा वाचून वाचकांचा असा ग्रह होऊ नये की लबाड नसते तर सारे ठीक होते. जेथे कोणी एक पैसाही खाल्ला नाही तेथे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. फ्लॉरिडाच्या मतदारांनी २००२ साली राज्यघटनेतच असे कलम घातले की माध्यमिक वर्गात पंचवीसांहून अधिक मुले नसावीत. कलम चांगले, पण शिक्षक वाढविण्यास पैसा लागतो. त्यातून मायामीच्या शाळामंडळाने २०१० साली एक वाट काढिली. ऑनलाइन वर्गास पंचवीसांची मर्यादा लागू नव्हती. तेव्हा ७,००० हून अधिक मुले शाळेतीलच संगणकांच्या दालनांत बसविली गेली. तेथे शिक्षक नव्हता, देखरेख करणारा एक मनुष्य तेवढा होता. आणि कित्येक मुलांस शाळा उघडेपर्यंत आपली अशी व्यवस्था लागली आहे याचा पत्ताही नव्हता. बेंटन हार्बरमध्ये शिक्षक मिळत नाही म्हणून पाठ बाहेरून मागविले होते. मायामीत शिक्षक नेमावा लागू नये म्हणून मागविले.

या दोहोंत काय अंतर पडते हे मोजलेले आहे. मेन आणि व्हरमाँट या संस्थानांतील ६८ लहान शाळांत बीजगणितास तयार अशी आठवीची मुले होती, पण त्या इयत्तेत तो विषय शिकविण्याची सोय नव्हती. निम्म्या शाळांतील मुलांस ऑनलाइन बीजगणित दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे त्या मुलांस त्याचा स्वच्छ फायदा झाला. ती पुढे गणितात वरच्या वाटेस लागली. हे अभ्यासिणाऱ्या मंडळीपैकीच काहींनी मग शिकागोत दुसरा प्रयोग केला. तेथील मुले बीजगणितात नापास झालेली होती. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांस उन्हाळी वर्गात शिक्षकासमोर बसविले, निम्म्यांस ऑनलाइन अभ्यासक्रमासमोर. शिक्षकासमोरची ७८ टक्के मुले उत्तीर्ण झाली, संगणकासमोरची ६६ टक्के. आणि ऑनलाइन वर्गांतही, ज्या ठिकाणी खोलीतील देखरेख करणाऱ्याने नुसते पाहत न बसता समजावून देण्यास हात घातला, तेथील मुले त्यातल्या त्यात बरी ठरली. विषय तोच होता, साधनही तेच. तयार मुलास त्याने दार उघडून दिले. एकदा पडलेल्या मुलास ते पुरेसे झाले नाही.

असे असता शाळामंडळांनी हे साधन अधिकात अधिक वापरले ते पडलेल्या मुलांसाठीच. याचे कारण शिकविण्यात नाही, आकड्यांत आहे. किती मुले पदवीपत्र घेऊन बाहेर पडली यावरून मंडळाची अब्रू ठरते. लॉस एंजेलिसच्या शाळामंडळात २०१५ च्या शरदात शेवटच्या वर्गातील जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक मुले उत्तीर्ण होण्याच्या वाटेवर होती. पुढच्या उन्हाळ्यात चारांतील तिघे उत्तीर्ण झाले. या चमत्कारात बुडालेले विषय थोड्या आठवड्यांत भरून देणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा वाटा मोठा होता. त्यातील काही मुले मन लावून शिकली असतील, असे आम्ही खुशीने मानतो. पण ती कोणती आणि बाकीची कोणती, हे पदवीपत्रावरून कळत नाही. शहानिशा करण्याचे धैर्य कोणी दाखविले म्हणाल, तर ते विद्यापीठांनी नव्हे, महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने! खेळाडूंस प्रवेश देताना ही संघटना त्यांचे शालेय विषय तपासते. आणि २०१४ साली तिने एका मोठ्या कंपनीशी संबंधित अशा २४ ऑनलाइन शाळांचे विषय मान्य करण्याचे नाकारले.

तीच कंपनी २०२० साली मायामीत आली. महामारीमुळे वर्ग बंद होते, आणि सुमारे साडेतीन लाख मुलांची शाळा ३१ ऑगस्टला ऑनलाइन उघडावयाची होती. मंडळाने १ कोटी ५३ लक्ष डॉलरांचा मक्ता निविदा न मागविता दिला. पहिल्याच दिवशी शिक्षकांस आत शिरता येईना, मुलांस वर्ग सापडेनात. शाळेच्या जाळ्यावर हल्लेही झाले, आणि त्यांपैकी काहींबद्दल सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्यास पकडण्यात आले. दुसऱ्या आठवड्यात मंडळाची सभा भरली. ती बारा तासांहून अधिक चालली, मध्यरात्र उलटून गेली. शेकडो आईबापांचे व शिक्षकांचे निरोप एकामागून एक ऐकविले गेले: कोणाचे मूल पडद्यासमोर रडत होते, कोणी कामावरची रजा काढून मुलाशेजारी बसले होते. या सभेतच सभासदांस कळून आले की ज्या कराराविषयी आपण बोलत आहो, त्यावर आपल्या शिक्षणाधिकाऱ्याची सही झालेलीच नाही. मंडळाने कंपनीस निरोप दिला. शिक्षकांनी मग हाती होती ती साधी साधने घेऊन वर्ग चालू केले.

शाळामंडळांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो या रात्रीमुळे कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. मक्ता देण्यात त्यांनी घाई केली, करार वाचला नाही, सही पाहिली नाही, हे सारे खरे. पण आईबापांस जाऊन गाऱ्हाणे सांगता येईल अशी एक जागा गावात शिल्लक होती, आणि तेथे बसलेल्यांस ते रात्रभर ऐकावे लागले. ओहायोतील बारा हजार मुलांच्या आईबापांस अशी जागा नव्हती.

महामारीनंतर केंद्र सरकारने शाळांस एकंदर सुमारे १९,००० कोटी डॉलर दिले, आणि त्यातून ऑनलाइन शिकवण्यांच्या मक्त्यांचे पेवच फुटले. त्यात पश्चिम टेक्सासमधील ओडेसा येथील शाळामंडळाने एक नवी म्हणून गाजलेली तऱ्हा वापरली: शिकवणी कंपनीने द्यावयाची, आणि मोबदल्याचा भाग मुलांच्या प्रगतीवर ठेवावयाचा. टेक्सार्काना त्याच संस्थानाच्या दुसऱ्या टोकास आहे. ओडेसाचे करार मात्र जुन्यांहून बरेच शहाणपणाने लिहिलेले होते. मूल आठवड्यातून किती वेळा शिकवणीस बसविले जाईल याची जबाबदारी मंडळाने स्वतःवर घेतली होती, आणि तेथे उपयोगही दिसून आला. सरकारी पैशाची मुदत २०२४ च्या सप्टेंबरात सरली. पुढच्या जानेवारीत, शाळेचे वर्ष ऐन मध्यावर असता, ओडेसास शिकवणी पुरविणाऱ्यांपैकी एक कंपनी एकाएकी बंद झाली. ठिकठिकाणच्या शाळांत ठरलेल्या तासास मुले संगणक उघडून बसली, आणि पलीकडे कोणी आले नाही. त्या तासाचे काय करावयाचे हे ज्या शिक्षकास ठरवावे लागले तो खोलीतच होता.